कर्ता कोण?

नित्याची आरती संपली म्हणजे आपण सर्वजण हात जोडून 'घालीन लोटांगण' ही प्रार्थना म्हणतो. ती इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी रचली हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. विचारलेच तर बहुतेकजण "नामदेव महाराजांनी" असे उत्तर देतील. परंतु परंपरेने नामदेवांचे मानले जाते ते पहिले कडवे तेवढेच. दुसरा श्लोक पांडवगीतेतील, तिसरा श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील, चौथा श्रीशंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातील आणि शेवटचा नाममंत्र कलिसंतरणोपनिषदातील होय. कोणा भाविकाने ही पाच फुले एका दोऱ्यात ओवली. पाच फुलांचा ठावठिकाणा लागतो. ओवणाऱ्याचे नाव मात्र उरलेले नाही.

यावरून वाचकांच्या ध्यानी येईल की, एखाद्या कृतीचा कर्ता कोण हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रचणारा एक, लिहून घेणारा दुसरा, शुद्ध करणारा तिसरा, एकत्र करणारा चौथा, असे अनेकदा असते. यांपैकी कर्ता कोणास म्हणावे आणि इतरांचे ऋण कसे नोंदवावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

मुद्रा आणि तिची मर्यादा

आपल्या संतांनी यासाठी एक सुंदर योजना केली होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचे नाव गुंफावयाचे. यालाच मुद्रा म्हणतात. ज्या काळी छापखाना नव्हता, पद मुखोद्गत होऊन गावोगाव जात असे, त्या काळी नाव पदाबरोबरच प्रवास करी. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या जनाबाईचे कर्तृत्व आज सातशे वर्षांनंतरही आपणांस ठाऊक आहे, ते या मुद्रेमुळेच. राजदरबारी तिची नोंद करणारे कोणी नव्हते. तिने आपली नोंद आपल्या अभंगातच करून ठेवली.

परंतु मुद्रा हा पूर्ण पुरावा नव्हे. जे नाव सहज घालता येते, ते दुसऱ्यालाही घालता येते. नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नामा या पुढील काळातील कवीची रचना मिसळली गेली, कारण दोघांचीही मुद्रा 'नामा' अशीच. तुकोबांच्या नावावरही मागाहून कितीतरी पदे चढविली गेली. यात नेहमीच लबाडी होती असे नाही. पुष्कळदा भक्तीच होती. आपली ओळ थोरांच्या चरणी वाहावी, या भावनेने कोणी ती त्यांच्या नावे केली. पण परिणाम तोच झाला. मूळ वाणी कोणती आणि भर कोणती, हे कळेनासे झाले.

याच अडचणीतून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनी केलेले श्रम लहान नव्हते; तरीही ग्रंथ आपला म्हटला नाही. उलट, या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाचा इशारा त्यांनी शेवटी देऊन ठेवला. कर्ता ज्ञानदेव, लेखक सच्चिदानंदबाबा, शोधक एकनाथ: तिघांची तीन कामे, आणि तिन्ही नावे आजही आपापल्या जागी आहेत.

लेखणी आणि कर्तृत्व

ज्याच्या हातात लेखणी तो कर्ता, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी त्या उतरून घेतल्या, आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रसिद्ध झाल्या. सोपानदेव स्वतः नामांकित कवी. आईच्या ओव्या आपल्या नावाने छापल्या असत्या तर विचारणारे कोण होते? पण त्यांनी आईचे नाव पुढे ठेवले, म्हणून आज महाराष्ट्राला बहिणाबाई ठाऊक आहेत.

आपल्या वडोदऱ्यातील एक ग्रंथ

या विषयाचा जुना आणि मार्मिक विचार करणारा एक ग्रंथ आपल्याच नगरीतून प्रथम छापून निघाला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९१६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. त्या मालेतील पहिला ग्रंथ म्हणजे राजशेखराची 'काव्यमीमांसा'. राजशेखर हा सुमारे अकराशे वर्षांपूर्वी कनोजच्या प्रतिहार राजांच्या पदरी असलेला कवी. या ग्रंथाचे काही अध्याय त्याने केवळ 'हरण' या विषयाला, म्हणजे दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्याला, दिले आहेत.

राजशेखर भाबडा नाही. कवी काय आणि व्यापारी काय, चोरी न करणारा कोणी नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. म्हणून तो प्रकार पाडतो. नवे निर्माण करणारा तो उत्पादक. दुसऱ्याचे पालटून घेणारा तो परिवर्तक. उचललेले झाकणारा तो आच्छादक. आणि सरसकट गोळा करणारा तो संवर्गक. अर्थ उचलण्यातही पायऱ्या आहेत. आरशातील प्रतिबिंबासारखी नक्कल सर्वांत हीन. चित्रासारखी, थोडा संस्कार केलेली, त्याहून बरी. आणि उसना अर्थ घेऊनही ज्यात नवा जीव ओतला गेला, ती त्याहून वरची. उसनवारी झाली की नाही एवढेच पाहावयाचे नाही; घेतल्यानंतर स्वतःची भर किती पडली, हे पाहावयाचे, ही त्याची कसोटी.

तेथेच एक कठोर विचारही आला आहे. इतर चोऱ्या काळाच्या ओघात विसरल्या जातात, परंतु वाणीची चोरी मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही. त्यावर लगेच राजशेखर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत देतो. माणसे उचलेगिरीचे समर्थन कसे करतात, याची कारणे ती मांडते: तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे, त्याचा कर्ता दूर देशीचा आहे. ही कारणे आजही कानी पडत नाहीत काय? आणि हेही पाहण्यासारखे आहे की, हे मत राजशेखराला स्वतःच्या नावावर सहज खपविता आले असते. पत्नीचे मत पत्नीच्याच नावाने नोंदविण्याचा प्रामाणिकपणा त्याने दाखविला, म्हणून ती विदुषी आपणांस कळली.

शब्द मोजून कर्ता शोधणे

जेथे नाव लपविलेले असते तेथे काय करावे? अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ साली 'पब्लियस' या टोपण नावाने ८५ लेख लिहिले गेले. त्यांतील १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन गणितज्ञांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक वेगळी वाट धरली. त्यांनी भारदस्त शब्द सोडून दिले आणि आपल्या 'वर', 'आणि', 'तर' यांसारखे बारीक शब्द मोजले. मोठा शब्द मनुष्य विचारपूर्वक योजतो. बारीक शब्द सवयीने येतात, आणि सवय लपविता येत नाही. त्या मोजणीवरून बाराही लेख मॅडिसनचे असावेत, असा निष्कर्ष निघाला.

संशोधनातील कर्तेपण

विज्ञानात हा प्रश्न आज फार बिकट झाला आहे. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला एक निबंध आइन्स्टाइनकडे धाडला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मन भाषेत उतरवून बोस यांच्याच नावाने छापविला. उलट २०१५ साली युरोपातील महाप्रयोगावरील एका निबंधास ५१५४ कर्ते होते. ३३ पानांपैकी २४ पाने केवळ नावांची व संस्थांची!

इतकी नावे असता कर्ता कोणास म्हणावे? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने यासाठी चार अटी घातल्या आहेत. मनुष्याने कामात खरी भर घातलेली असावी. लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत भाग घेतलेला असावा. अंतिम मसुद्यास संमती दिलेली असावी. आणि त्या कामाबद्दल उत्तर देण्यास तो बांधलेला असावा. ही चौथी अट २०१३ साली जोडली गेली, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. संगणक हल्ली लेख रचून देतो. पण चुकीबद्दल तो जबाब देऊ शकत नाही, म्हणून त्याला कर्ता मानू नये, असा निर्णय त्याच मंडळाने २०२३ साली दिला.

विद्वत्ता आकड्यांनी मोजण्याचाही प्रघात पडला आहे. २००५ साली हिर्श या शास्त्रज्ञाने सुचविलेल्या मापाप्रमाणे, ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा इतरांनी उल्लेख केला, त्याचा अंक दहा. असे माप सोयीचे खरे; पण ५१५४ जणांत कोणी किती भार उचलला, हे त्यावरून कळत नाही. तराजू धान्य तोलतो. पेरणी कोणी केली, हे तो सांगत नाही.

एक शंका

येथे कोणी म्हणेल, "आपला धर्म तर कर्तेपणाचा अहंकार सोडावयास सांगतो. मग नावाचा एवढा आग्रह कशाला?" ही शंका योग्य आहे, आणि पौरोहित्याच्या घरात वाढल्यामुळे आम्हांलाही ती अनेकदा पडली आहे. विचारांती आम्हांस असे वाटते की, आपल्या कर्माचे श्रेय सोडणे हा त्याग होय. दुसऱ्याचे श्रेय पुसणे हा त्याग नव्हे. वेदांच्या ऋषींना परंपरेने मंत्रांचे कर्ते मानले नाही, द्रष्टे मानले. परंतु प्रत्येक सूक्ताबरोबर त्या ऋषीचे नाव उच्चारण्याची शिस्त परंपरेने कधी सोडली नाही. ऋषी निरहंकारी होते. त्यांचे शिष्य कृतज्ञ होते. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

घरी करावयाचे काम

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आजी-पणजीच्या हातच्या वह्या आहेत. त्यांत पाळणे आहेत, मंगळागौरीची गाणी आहेत, आपल्याच देवळातील उत्सवासाठी रचलेली पदे आहेत. जुनी वही जीर्ण झाली म्हणजे ती नव्या वहीत उतरविली जाते, आणि उतरविताना गाणे येते पण नाव गळते. गळणारे नाव बहुधा बाईचे असते. हल्ली तर भ्रमणध्वनीवरून कोणाचेही पद कोणाच्याही नावाने घरोघर पोहोचते.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे की, या महिन्यात अशी एक तरी वही बाहेर काढावी आणि प्रत्येक पदापुढे तीन गोष्टी लिहाव्या: रचना कोणाची, ती कोणाकडून मिळाली, आणि उतरून कोणी घेतली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना अगत्याने विचारावे. त्यांच्या आठवणीत जे आहे ते अन्यत्र कोठेही नाही. मुद्रा असल्यास ती जशीच्या तशी ठेवावी. शब्द अडला तर आपल्या मनाने दुरुस्त न करता समासात खूण करावी. आणि नाव मिळालेच नाही, तर 'कर्ता अज्ञात' असे लिहावे. तेथे कोणा थोर संताचे नाव घालू नये. रिकामी जागा उद्या कोणी भरू शकेल, पण चुकीचे नाव एकदा बसले म्हणजे खरे नाव शोधण्यास कोणी निघतच नाही.