शेगडीमागची भिंत

अगं, राजवाड्यातला कल्याणमंडप बघून आलीस आणि आता विजयनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये ओट्यामागे तसलीच नक्षी हवी म्हणतेस. म्हैसूरला नवी आलेली प्रत्येकजण त्या मंडपावर भाळते. १८९७ साली जुना लाकडी राजवाडा जळाला, हेन्री आयर्विनच्या आराखड्याने नवा उभा राहिला, १९१२ला पुरा झाला. छताच्या रंगीत काचा ग्लासगोहून आलेल्या, वर मोर, खाली फरशीवरही मोर. पण बाई, त्या मोरांसमोर रोज कुणी मोहरी तडतडवत नाही!

नक्षी म्हटलीस की दुकानदार तुला अत्तंगुडीची टाइल दाखवेल. वेड लावणारी चीज आहे, मलाही आवडते. कारैकुडीजवळच्या त्या गावात काचेवर रंग ओततात, मागून वाळू-सिमेंटचा थर दाबतात. भट्टी नाही, पाण्यात ठेवूनच ती पक्की होते. त्यामुळे वर काचेसारखा लेप नसतो आणि ती तेल पिते. मोह आवरतच नसेल तर एक नमुना घरी आण. चमचाभर तेलात हळद कालवून त्यावर ओत, शेजारी अर्धं लिंबू उपडं घाल आणि सकाळी पूस. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, साडीवरचा आपण तसाच घालवतो. पण शेगडीमागे ऊन कुठून आणशील? लिंबाने उडालेली चमक तर परत येतच नाही. संगमरवराचंही तेच.

दुकानात सगळे टाइल बघतात. तू सांधे बघ. डॅडोची, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीची, टाइल सहसा मळत नाही, पुसली की झालं. मळतात त्या दोन टाइल्समधल्या रेघा. पांढऱ्या सिमेंटने भरलेल्या असल्या तर वर्षभरात पिवळट, मग तपकिरी, आणि तुझ्या सासूबाई आल्या की त्यांची नजर नेमकी तिथेच. ओटा ते वरचं कपाट हे अंतर साधारण दोन फूट ठेवतात. एक बाय दोनची टाइल उभी लावलीस तर आडवा सांधा एकही येत नाही. हल्ली सगळ्यांना हव्या असतात त्या छोट्या विटांसारख्या टाइल्स फोटोत छान दिसतात, पण रेघाच रेघा. शेगडीमागे तरी नकोत. उंचसखल नक्षीच्याही नकोत, खाचांत तेल आणि पीठ बसतं.

सांधे एपॉक्सीनेच भरून घे. महाग पडतं, पण हळद त्यात मुरत नाही. फक्त ते भरताना तू तिथे उभी राहा. एपॉक्सी लवकर घट्ट होतं; टाइलवर सांडलेलं लगेच पुसलं नाही तर कायमचा धुरकट थर राहतो, आणि मिस्त्री ‘नाळे, अक्का’ म्हणत पुसणं उद्यावर ढकलतो. व्हिट्रिफाइड घेतलीस तर ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर धरत नाही. टाइल चिकटवायचा अ‍ॅडहेसिव्हच वापरायला सांग. साधी ग्लेझ्ड सिरॅमिक भिंतीला पुरेशी असते आणि स्वस्तही. लावून वाळली की नाण्याने टकटक कर. पोकळ आवाज आला तर ती काढायला लाव, पैसे द्यायच्या आधी.

सांधा मुळीच नको असेल तर दोन वाटा. चामराजनगरचा काळा ग्रॅनाइट इथून जवळच निघतो, ओट्याचाच तुकडा वर चढवता येतो. पण तुझं स्वयंपाकघर उत्तरेचं, काळोख होईल. दुसरी काच. शेगडीमागे टफन्डच हवी, आणि स्विचबोर्डाची भोकं आधी पाडून मगच ती टफन करतात. नंतर कापायला गेलं की चुरा होतो. म्हणजे मिक्सर, ओव्हन, पाण्याचा फिल्टर कुठे येणार ते आजच भिंतीवर खडूने आख. चिमणीच्या पाइपाचं भोकही. टाइल लावली तरी हे सगळं तिच्या आधीच.

ओटा आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात सिलिकॉन भरून घे, झुरळं तिथूनही येतात.

आणि ती अत्तंगुडी जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला लाव की! तिथे फोडणी उडत नाही, आल्यागेल्याला दिसतेही. ओट्याच्या टाइल्स घेताना मात्र खोक्यावरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघ, नाहीतर छटा बदलते. पाच-सहा जास्तीच्या घे आणि माळ्यावर लपवून ठेव, नाहीतर तुझा नवरा साफसफाईच्या झटक्यात टाकून देईल.