बॅग मिळाली नाही तर

2020 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पेरलं पण उगवलंच नाही, अशा तक्रारींचा ढीग लागला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. लोकांनी कंपन्यांकडे बोट दाखवलं, त्यात गैर काही नव्हतं. पण एक मोठं कारण आदल्या ऑक्टोबरातच घडून गेलं होतं: ऐन काढणीत पाऊस बसला आणि शेंगा उभ्या झाडावर, सुडीत भिजल्या. कंपनीच्या बॅगेतलं आणि घरच्या पोत्यातलं सोयाबीन एकाच पावसातून गेलेलं. म्हणून वाशिमसारख्या कोरडवाहू, सोयाबीनवरच उभ्या असलेल्या जिल्ह्यात बॅग मिळाली नाही तर घरचं बियाणं पेरायला मी कचरणार नाही, पण तपासल्याशिवाय पेरणारही नाही. आपल्याकडे अडचणीत काढलेल्या वाटेचं कौतुक फार होतं. ती वाट आधी चालून पाहायचा मात्र कंटाळा.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक पोत्यात वर, मधे, तळाशी हात घालून दाणे घ्यावेत, एकत्र करावेत आणि न निवडता शंभर मोजावेत. न निवडता हे महत्त्वाचं, कारण हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो आणि आकडा खोटा येतो. ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळी मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी उघडावी. नुसती साल फुटलेले, बुरशी धरलेले, मोड वाकडा झालेले दाणे धरायचे नाहीत. सत्तर निघाले तर एकरी 30 किलो पुरतं. साठ निघाले तर 35 किलो लागेल. त्याखाली आलं तर ते बियाणं नव्हे, तो बाजाराचा माल.

घरचं बियाणं दोन वर्षांत बिघडतं, असं दुकानदारच नव्हे तर शिकलेली पोरंही सांगतात. कपाशीच्या संकरित वाणाला ते लागू आहे. सोयाबीन स्वपरागी आहे. भेसळ काढत राहिलं तर एकदा आणलेलं प्रमाणित बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं. मात्र दुसरा आक्षेप मला मान्य आहे: दाण्याची साल इतकी पातळ असते, की बियाण्याची वाट मे महिन्यात नव्हे, थ्रेशरवरच लागते. बियाण्यापुरता माल काढताना थ्रेशरचे फेरे मिनिटाला 350 ते 400 वर आणायला मालकाला सांगावं लागतं, आणि घाईच्या दिवसांत तो कुरकुरतो. पोती आपटू नयेत, उंच थप्पी लावू नये, प्लास्टिकच्या पिशवीत भरू नये. हे ज्याने दिवाळीच्या सुमारास केलं नाही, त्याने जूनमध्ये घरच्या बियाण्याचा हट्ट धरू नये. आणि चांगलं बियाणंही 75 ते 100 मिलिमीटर पावसाआधी किंवा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडलं, तर दुबार पेरणी टळत नाही.

एवढी सवड कोणाला, असं विचारणाऱ्यांनी एप्रिल-मे आठवावा. तेव्हा सवडही असते आणि उगवण कमी निघाली तर दुसरी सोय पाहायला दिवसही हाताशी असतात. चाचणी बीजप्रक्रियेच्या आधी करायची, ती यासाठीही: बुरशीनाशक चोळलेलं सोयाबीन मग मार्केटलाही नेता येत नाही आणि ढोरांपुढेही टाकता येत नाही.