चित्रपटाचा आस्वाद : चित्रगृह आणि घर



चित्रपट कोठे पाहिला, याचा त्याच्या आस्वादावर कोणता परिणाम होतो, हे या उपघटकात आपण दोन मराठी चित्रपटांच्या आधारे समजून घेणार आहोत.

पार्श्वभूमी

मुंबईत चित्रपट प्रथम सार्वजनिक खेळ म्हणून अवतरला. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. पुढे अंधेरीचे नवरंग, घाटकोपरचे ओडियन, मुलुंडचे मेहुल अशी चित्रगृहे उपनगरांची ओळख बनली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि चित्रपट घरात आला. तरीही शनिवारच्या मराठी चित्रपटासाठी शेजारीपाजारी जमत. घराचेच चित्रगृह होई.

सामूहिक आस्वाद

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. ‘झिंगाट’ गाण्यावर प्रेक्षक चित्रगृहात नाचले. अखेरीस रक्ताळलेल्या पावलांनी मूल बाहेर पडते, तेव्हा ध्वनी थांबतो. ज्या अनोळखी माणसांसोबत आपण नाचलो, त्यांच्यासोबतच आपण सुन्न होतो. ही शांतता एकट्याने अनुभवता येत नाही.

एकांतातील आस्वाद

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. महासाथीमुळे तेव्हा राज्यातील चित्रगृहे बंद होती. नायक शरद रात्रीच्या मुंबईत मोटारसायकल चालवताना माईंची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकतो. कानाला इअरफोन लावून हे दृश्य पाहणारा प्रेक्षक शरदच्या एकटेपणाच्या निकट जातो. दृश्य पुन्हा पाहण्याची सोयही त्याला असते. मात्र या चित्रपटाची संथ लय हाच त्याचा आशय आहे. कंटाळून दृश्य पुढे ढकलले, तर आशयच निसटतो.

निष्कर्ष

नोकरी, लोकलचा प्रवास आणि घरकाम सांभाळून शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तिकिटाचा खर्च व खेळाची वेळ जुळवणे कठीण जाते. म्हणून घरी पाहणारा प्रेक्षक कमी प्रतीचा ठरत नाही. चित्रगृहातील अंधार एकाग्रता आपोआप देतो. घरी ती स्वतः निर्माण करावी लागते. इतरांची सोबत मात्र घरी निर्माण करता येत नाही, याची जाणीव समीक्षकाने ठेवावी.

स्वयं-अध्ययन

चित्रगृहात पाहिलेला एखादा चित्रपट घरी न थांबता पुन्हा पाहा. कोणत्या दृश्याचा परिणाम वाढला, कोणत्या दृश्याचा घटला, ते सकारण दहा ओळींत लिहा.