नव्याने मधुमेह आढळलेल्यांचे डोळे

मधुमेह असल्याचे कळताच रोगी साखर-गूळ सोडतो, गोळ्या सुरू करतो. परंतु डोळ्यांकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. दिसण्यात काही उणे नसता डोळे कशाला तपासावयाचे, असे तो म्हणतो. ही समजूत घातक होय.

बहुधा प्रौढ वयात जडणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह कळून येण्यापूर्वी कित्येक वर्षे अंगात मुरलेला असू शकतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली नव्या मधुमेही रोग्यांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ज्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतली, त्यांपैकी पुरुषांत ३९ व स्त्रियांत ३५ टक्के जणांच्या किमान एका डोळ्यात, रोग ठरतेवेळीच, बिघाडाच्या खुणा आढळल्या.

डोळ्याच्या मागील दृष्टिपटलास अतिशय बारीक रक्तवाहिन्या पोसतात. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास त्यांच्या भिंती दुबळ्या होतात, त्यांस सूक्ष्म फुगवटे येतात आणि रक्त व द्राव झिरपू लागतो. कच्च्या पाटाची कड पाझरून शेजारची जमीन चिबड व्हावी, तसाच हा प्रकार. पुढे काही वाहिन्या बुजतात. मग तेथे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो, किंवा दृष्टिपटल ओढले जाऊन सुटते. इतके होईतो दुखत नाही, आणि पुष्कळदा नजरही शाबूत असते.

म्हणून मधुमेह ठरताच, बाहुली मोठी करणारे थेंब घालून किंवा छायाचित्र घेऊन, दृष्टिपटल तपासून घ्यावे. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, सोबत कोणी न्यावे. दोष न निघाला तरी पुन्हा केव्हा यावयाचे ते डॉक्टरांस विचारावे. सामान्यतः वर्षाने यावे लागते. सुगीची सबब सांगू नये.

दोष वाढलेला असल्यास लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन हे उपाय आहेत. लेसरने आहे ती नजर राखता येते. गेलेली सहसा परत येत नाही. साखरेबरोबर रक्तदाबही आटोक्यात हवा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मधुमेही व्यक्तींच्या यादीत डोळे तपासल्याच्या तारखेचा एक रकाना वाढवावा. रकाना कोरा असेल त्या घरी प्रथम जावे. उपचाराच्या आरंभी साखर उतरू लागली की काही आठवडे नजर बदलत राहते. त्या काळात नवा चष्मा करून पैसे दवडू नयेत, हेही तेथे सांगावे.