रुब्रुकचा दुभाष्या

उर्दूत आपण ज्याला तर्जुमान म्हणतो, त्याला मराठीत दुभाष्या म्हणतात. दोन भाषा जाणणारा आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगणारा तो दुभाष्या. तो कच्चा असेल तर काय होते, ते पाहा.

विल्यम ऑफ रुब्रुक हा एक ख्रिस्ती साधू होता. १२५३ साली फ्रान्सचा राजा नववा लुई याचे पत्र घेऊन तो मंगोलांच्या मुलखाकडे निघाला. तेथील लोक तंबूच्या घरांत राहत आणि ती घरे गाड्यांवर ठेवून नेत. एका गाडीच्या दोन चाकोऱ्यांमधील अंतर रुब्रुकने मोजले. ते वीस फूट भरले! ती गाडी ओढायला बावीस बैल होते. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे पेय पहिल्यांदा पिताना त्याला घाम फुटला; पण चव मात्र आवडली.

हे सारे डोळ्यांना दिसले. बोलणे कसे कळणार? त्याच्याबरोबर एक दुभाष्या होता. (लॅटिन भाषेत लिहिताना रुब्रुकने त्याला 'तुर्जेमानुस' म्हटले आहे. शब्द ओळखीचा वाटतो ना?) हळूहळू रुब्रुकला तिकडची भाषा थोडी समजू लागली. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की आपण एक सांगतो आणि हा भलतेच सांगतो! मग त्याने गप्प राहणेच पसंत केले.

जानेवारी १२५४ मध्ये चंगेझखानाचा नातू मंगू खान याच्यासमोर तो उभा राहिला. नेमका तेव्हाच दुभाष्या दारू पिऊन झिंगला. त्याचे एक वाक्य धड कळेना.

पुढे एकदा खानाच्या तंबूतून बाहेर पडताना रुब्रुकचा सोबती बार्थोलोम्यू उंबरठ्याला अडखळला. उंबरठा म्हणजे दहलीज. तिला पाय लागणे हा मंगोलांत मोठा गुन्हा होता; त्यासाठी प्राणही जात. पहारेकऱ्यांनी त्याला धरले. रुब्रुकला विचारण्यात आले, की हा नियम तुम्हांला कोणी सांगितला नव्हता काय? तो म्हणाला, की आमच्याबरोबर दुभाष्याच नव्हता, मग आम्हांला कसे समजणार? बार्थोलोम्यूला माफी मिळाली. पण खानाच्या तंबूत त्याला पुन्हा पाऊल टाकता आले नाही.

राजधानी काराकोरममध्ये दोन मशिदी, एक चर्च आणि बारा मंदिरे होती. पॅरिसचा एक सोनारही तेथे राहत होता. त्याच्या मानलेल्या मुलाला तिकडची भाषा उत्तम येत होती. मे १२५४ मध्ये खानाशी शेवटची भेट झाली, तेव्हा तोच दुभाष्या होता. खान म्हणाला, की ईश्वराने हाताला जशी निरनिराळी बोटे दिली, तसे माणसांना निरनिराळे मार्ग दिले. या वेळी रुब्रुकला सगळे नीट समजले.

त्यानंतर तो परत निघाला. बार्थोलोम्यूला मात्र एवढ्या लांबच्या प्रवासाची धास्ती वाटली. तो काराकोरमलाच त्या सोनाराजवळ राहिला.