रात्रीचं चालवू नकोस

वाई, ८ जून

चि. अमेय,

ताईकडून कळलं ते असं: २० तारखेला तू नवी थार घेऊन एकटा निघणार, दोन दिवसांत मनाली गाठणार आणि अकरा दिवसांच्या रजेत लडाखातला उमलिंग ला करून पुण्यात कामावर हजर होणार. हे खरं नसेल तर पत्र इथेच ठेव आणि आईला तसं सांगून टाक. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणत विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसलो आहे.

पुण्याहून मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर. दोन दिवसांत म्हणजे रोजचे हजार. चहा-जेवण, टोलनाके, दिल्लीभोवतीची गर्दी धरली तर रोज सोळा-अठरा तास स्टिअरिंगवर, त्यातला बराचसा काळोखात, आणि शेजारची सीट रिकामी. आपल्या घरात हा हिशेब एकदा मांडून झाला आहे, अमेय. दादाबद्दल मी इथे लिहीत नाही. तुझा तेव्हा जन्मही नव्हता, पण खंबाटकीचं नाव निघालं की ताई अजून उठून आत जाते, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. तो घाटात गेला नाही हेही तुला ठाऊक आहे. घाट उतरून सपाटीला लागल्यावर गेला, पहाटे.

तू म्हणशील, मामा म्हातारा झाला, आता रस्त्याला घाबरायला लागला. मी लष्कराच्या ईएमईत रिकव्हरी मेकॅनिक होतो. पडलेल्या, अडकलेल्या, उलटलेल्या गाड्या ओढून काढायच्या, हीच माझी भाकरी. झोजीच्या चढावरून, द्रासच्या बर्फातून गाड्या काढल्या. पण डोक्यातून जात नाहीत त्या पठाणकोट-अंबाल्याकडच्या सरळ, गुळगुळीत रस्त्यावरच्या. तिथे पोचलो की आधी मी रस्ता पाहायचो. जागा असलेला माणूस शेवटच्या क्षणी तरी ब्रेक मारतो, डांबरावर टायरचे काळे पट्टे उमटतात. कितीतरी ठिकाणी तो पट्टा नसायचाच. गाडी सरळ चालत रस्त्याबाहेर गेलेली, गिअर टॉपमध्ये. पाय ब्रेकपर्यंत गेलाच नाही. तुला उमलिंग लाची भीती वाटते की नाही मला ठाऊक नाही. मला कोटा आणि जयपूरच्या मधल्या रात्रीच्या अडीच वाजताची वाटते.

आता वरचं. उमलिंग ला १९,०२४ फूट. चिसुमले ते डेमचोक हा ५२ किलोमीटरचा रस्ता बीआरओने २०२१ मध्ये पुरा केला. नेपाळच्या बाजूचा एव्हरेस्टचा बेस कॅम्पसुद्धा त्याच्या खाली राहतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. तू रोज जिमला जातोस, ते तिथे उपयोगी पडत नाही. उलट तगडी पोरं जास्त धावपळ करतात आणि आधी आडवी होतात. मनाली साडेसहा-सात हजार फुटांवर, सरचू चौदा हजारांवर. एका दिवसात मनालीहून सरचूला जाऊन झोपायचं, असं तुझ्या कागदावर लिहिलंय म्हणे. तो मुक्काम खोड. डोकं ठणकणं, उलटी, चालताना तोल जाणं, छातीत घरघर, यातलं काही दिसलं आणि आराम करूनही कमी होईना, तर खाली उतरायचं, हाच उपाय. तोल किंवा छातीचं असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. रात्र असली तरी उतरायचं. ती एकच रात्र, जिला माझी परवानगी आहे, आणि तेव्हाही गाडी दुसऱ्याने चालवायची. म्हणजे दुसरा माणूस हवाच. मी पुन्हा तिथेच येतो, मला कळतंय.

श्रीनगरकडून जा. झोजी ला साडेअकरा हजार फुटांवर, कारगिल नऊ हजारांच्या खाली, मग फोटू ला, मग लेह. शरीराला पायरी पायरीने चढता येतं. लेहला दोन रात्री नुसतं बसायचं. खायचं, पाणी प्यायचं, बाजारात हळू फिरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचार, मित्रांना नको.

डिझेलचा हिशेब तू केला आहेस का? थारची टाकी ५७ लिटरची. लेह ते हानले अडीचशेच्या पुढे, हानलेहून उमलिंग ला जाऊन येऊन दीडशेच्या वर, परत लेह. साडेसहाशे किलोमीटर धर, तेही चढाचे, लो गिअरचे. दहाचं ॲव्हरेज पडलं तरी ६५ लिटर. लेह सोडलं की वाटेत पंप नाहीच असं धरून चालायचं. मनालीच्या वाटेवर टांडीला 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी आहे, तिचा फोटो तूच मला दाखवला होतास. म्हणजे वीस लिटरचा जेरीकॅन लागणार. पत्र्याचा घे, काठोकाठ भरू नकोस, आणि माणसं बसतात तिथे ठेवू नकोस. टपाच्या रॅकवर नीट आवळून बांध.

आणि त्या रॅकवरून आठवलं. गाडी येऊन दोन महिने झाले नाहीत, आणि त्यावर लावलेल्या वस्तूंचा खर्च ताईने मला सांगितला. घराचा हप्ता चालू, गाडीचा हप्ता सुरू, आणि तू लिफ्ट किट, मोठे टायर, दिव्यांची पट्टी आणि बुलबार बसवून मोकळा झालास. बुलबार आधी काढ. २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनेच राज्यांना तो बंद करायला सांगितलं आहे. दंडाचं सोड, धडक बसली की ती थेट चॅसीत जाते आणि एअरबॅगचं काम बिघडतं. बाकीचे बदल विमा कंपनीला लेखी कळवलेस का? नसतील कळवले तर क्लेमच्या वेळी ते तेच पुढे करतील. इंजिनात पाणी शिरलं तर साध्या पॉलिसीत भरपाई मिळत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, ते घे. आणि एवढ्या खर्चात बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि पंक्चरचं सामान नाही! दुसऱ्याच्या नजरेत भरणारं सगळं घेतलंस, स्वतःला घरी परत आणणारं राहिलं.

केळशीच्या पुळणीवरचा व्हिडिओ विश्वासच्या मुलाने दाखवला. टायरमध्ये डांबरी रस्त्याची पूर्ण हवा, गाडी ॲक्सलपर्यंत रुतलेली, भरतीचं पाणी पंधरा पावलांवर, आणि तुम्ही हसताय. मला हसू आलं नाही. वाळूत हवा अठरा-वीसपर्यंत उतरवायची असते आणि रस्त्यावर आल्याबरोबर परत भरायची असते. खारं पाणी चॅसीच्या सांध्यांत शिरलं की आतून गंज धरतो. गाडी खालून गोड्या पाण्याने धुतलीस का? पण त्याहून वाईट ते पुढे होतं. दोरी ताणलेली आहे, दोन्ही गाड्यांचे चालक ॲक्सिलरेटर दाबताहेत, आणि तुझा मित्र मोबाइल घेऊन दोरीच्या रेषेत उभा. ताणाखाली शॅकल सुटला की तो गोळीसारखा येतो. ओढायचं आहे म्हणून दोरी ट्रेलरच्या गोळ्याला किंवा बंपरच्या पत्र्याला बांधायची नसते; कंपनीने दिलेल्या हुकालाच बांधायची, दोरीच्या मध्यावर भिजवलेलं गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकायची आणि दोरीच्या दुप्पट लांब सगळ्यांनी उभं राहायचं. माझ्या उजव्या हाताचं बोट कसं वाकडं झालं, हे तू लहानपणी शंभरदा विचारायचास आणि मी काहीतरी गोष्ट रचून सांगायचो. वायर रोपची एक तार सुटली होती. एकच तार.

नाल्यात गाडी घालायची वेळ आलीच तर सकाळी. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारी तोच नाला दुप्पट होतो. ६५० मिलिमीटर पाणी चालतं असं कंपनी सांगते, ते संथ पाण्याचं समज. दुसरी गाडी पार होताना आधी पाहा, मग फोर-एल, एक गिअर, एक वेग, मध्ये क्लच नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि नदीत नुसतीच हौस म्हणून कधीच नको. २०२३ च्या डिसेंबरात लाहौलमध्ये एकाने चंद्रा नदीतून थार नेली, पोलिसांनी चलान केलं. ती नदी त्या लोकांची आहे, आपल्या मोबाइलसाठी वाहत नाही. डांबरावर फोर-एच टाकून मिरवणंही बंद कर. वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

लडाखात आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. आणि परदेशातून मागवलेलं ते सॅटेलाइटचं यंत्र घरीच ठेव. परवानगीशिवाय ते आपल्या देशात बेकायदा आहे, आणि तू तर सीमेवर चालला आहेस.

किती रागावलो मी. मामी आतून विचारते आहे, पत्र लिहिताय की चार्जशीट.

खरं सांगू का, तू थार घेतलीस हे कळलं त्या दिवशी मी गल्लीत सगळ्यांना सांगत फिरलो. नोकरीतली किती वर्षं मी त्या डोंगरांत काढली, पण पाहिलं काय? विंचचा ड्रम, तेलाने काळे झालेले हात, आणि रजेचं कॅलेंडर. हानलेला दोन मीटर व्यासाची दुर्बीण बसवली आहे, लोक तिथे आकाश पाहायला येतात. मी त्याच आकाशाखाली झोपलो, घोंगडी डोक्यावरून ओढून. सकाळची गाडी काढायची असायची. मामीला पँगाँग दाखवायचं होतं. दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणालो. रजा मिळायची ती येण्या-जाण्यात संपायची, घरी आलो की दोन दिवस नुसता झोपून असायचो. आता तिची अँजिओप्लास्टी झाल्यापासून डॉक्टर एवढ्या उंचीवर नाही म्हणतात. घाईत काय काय सुटतं ते मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे, म्हणून तुझ्या त्या अकरा दिवसांवर मी एवढा चिडलो. तू जाऊ नयेस असं मला कधीच वाटलं नाही. तू सगळं नीट पाहावंस, असं फार वाटतं.

तर असं कर. हा पावसाळा गाडीची ओळख करून घेण्यात घालव. ताम्हिणी, आंबोली, आपलं महाबळेश्वर-पोलादपूर. चिखलात चाक स्वतः बदल, भर पावसात, एकट्याने. जॅकखाली फळी ठेवली नाही तर तो कसा खाली रुततो ते एकदा तुझ्या डोळ्यांनी पाहा. डिफरन्शियलचं तेल तपासायला शिक. दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय. आणि सप्टेंबरात जा. नाले उतरलेले असतात, आकाश स्वच्छ, थंडी सोसवेल इतकीच. रजा मात्र तीन आठवड्यांची काढ. ऑफिसात मिळत नसेल तर गाडी ट्रेलरवर चंदीगडला पाठव आणि तू मागून जा, पैसे मी देतो. हे आईला सांगायची गरज नाही. लेहच्या पुढे मात्र दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय जायचं नाही, आणि शेजारी सौरभ किंवा दुसरं कोणी चालवणारं. यावर वाद घालू नकोस.

आणि गाडी इथूनच चालवत न्यायची असेल, तर जम्मूपर्यंत मी येतो. हसू नकोस. मोतीबिंदू काढल्यापासून मी अंधारात चालवत नाही, म्हणजे सहाला मुक्काम आपोआपच ठरला. दिवसा आलटून पालटून चालवू. जम्मूहून मी झेलम एक्स्प्रेसने परत येईन. त्या गाडीतल्या खिडकीजवळच्या सीटवर माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, मला काही त्रास होत नाही.

रविवारी जेवायला ये. गाडी घेऊन ये. अंगणातली सरपणाची लाकडं मी हलवून ठेवली आहेत, आरामात मावेल. मामी विचारते आहे, मासवड्या करू की पुरणपोळी, ते कळव.

तुझा
मामा