कालज्ञान, कान आणि कंपवाताचे रुग्ण

दृष्टी, श्रवण व स्पर्श यांच्याकडून एकाच घटनेची वार्ता मेंदूला निरनिराळ्या वेळी पोहोचते. प्रकाश ध्वनीपेक्षा फार वेगाने येतो. परंतु दृष्टिपटलात त्याचे मज्जासंदेशात रूपांतर होण्यास कानापेक्षा अधिक वेळ लागतो. पायाच्या अंगठ्याच्या स्पर्शाला नाकावरील स्पर्शापेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो. तरीही दोन्हींना एकाच क्षणी बोट लावल्यास ते स्पर्श एकाच वेळी झाले असेच वाटते. मागेपुढे आलेले संदेश मेंदू जुळवून घेतो, म्हणूनच हे घडते.

या तिन्हींत काळाचा सर्वांत बारीक भेद कान जाणतो. ऑस्ट्रियाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ सिग्मंड एक्सनर यांनी १८७५ साली दाखविले की, सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागाच्या अंतराने झालेले दोन आवाज कानाला वेगळे कळतात. दोन ठिणग्या वेगळ्या दिसण्यास मात्र त्याच्या सुमारे वीसपट अंतर लागते. स्पर्शाचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. लुकलुकणाऱ्या दिव्याबरोबर टाळी वाजविणे कठीण जाते, ठोक्याबरोबर ती सहज पडते. दिंडीत टाळ-मृदंगाच्या नादावर पावले आपोआप पडतात, तीही यामुळेच.

हे ज्ञान कंपवाताच्या, अर्थात पार्किन्सनच्या आजाराच्या, रुग्णांस उपयोगी पडते. या विकारात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होतात व हालचालींची आंतरिक लय बिघडते. पावले आखूड पडतात, कधी जागीच खिळतात. अशा वेळी हरवलेली लय बाहेरून, कानावाटे देता येते. अमेरिकेत मायकेल थाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांनी तीन आठवडे घरीच तालबद्ध ध्वनीच्या साथीने चालण्याचा सराव केला. त्यांचा चालण्याचा वेग व पावलांची लांबी वाढलेली आढळली.

रुग्णांच्या आप्तांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ठोक्यांची गती भौतिकोपचारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी. मोबाइलवरील मेट्रोनोम, टाळी किंवा ‘एक-दोन, एक-दोन’ अशी संथ, एकसारखी मोजणी यांपैकी काहीही चालते. पाऊल खिळल्यास रुग्णास ओढू नये व घाई करू नये. त्यांस क्षणभर थांबू द्यावे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेण्यास सांगावे आणि मग मोजणीवर पहिले पाऊल टाकू द्यावे. चालताना त्यांच्याशी अन्य विषय बोलू नये. पडण्याचा धोका असल्यामुळे सोबत कोणीतरी असावेच. हा सराव औषधांस पूरक आहे, पर्याय नव्हे. औषधे ठरलेल्या वेळी घेतलीच पाहिजेत.

या उपायास महागडे यंत्र लागत नाही. घरातील एका माणसाने रोज थोडा वेळ शेजारी चालत, न कंटाळता ठेका धरावा, एवढेच त्यास हवे.